डिसेंबरच्या पहाटे पळायला निघताना: कपडे कसे निवडावेत

थंडी पडली की पहाटेच्या मैदानावर दोन टोकं दिसतात. एकीकडे स्वेटर, त्यावर जॅकेट, कानटोपी, गळ्याला मफलर असा सगळा बंदोबस्त करून आलेले. दुसरीकडे मे महिन्यातलाच बिनबाह्यांचा टी-शर्ट घालून आलेले, हात काखेत धरून उड्या मारणारे. पहिल्यांचं जॅकेट दुसऱ्या किलोमीटरला कमरेला बांधलेलं असतं आणि आतला स्वेटर घामाने ओला झालेला असतो. दुसऱ्यांचे खांदे कानापर्यंत चढलेले असतात आणि पळणं अर्ध्यावर आटोपतं. दोघांचा हिशेब एकाच जागी चुकतो. कपडे ठरवताना दोघांनीही घराच्या दारातली थंडी मोजलेली असते, पळताना अंगात तयार होणारी उष्णता मोजलेली नसते.

पुढचं सगळं मुख्यतः आपल्या पठारावरच्या थंडीसाठी आहे: पुणे, नाशिक, सातारा, नागपूर, गोंदिया, साधारण 5 ते 15 अंश सेल्सिअस. लेह किंवा परदेशातल्या थंडीबद्दल नंतर बोलू, कारण तिथे नियम तेच असले तरी चुकीची किंमत फार मोठी असते.

निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे

पळताना दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. 65 किलोचा माणूस ताशी 8 किलोमीटरने पळत असेल तर तासाला 520 किलोकॅलरींच्या आसपास. त्यातला जेमतेम चौथा हिस्सा हालचालीला लागतो, उरलेल्याची उष्णता होते. वॅटमध्ये मांडलं तर साडेचारशेच्या घरात. नुसतं बसलेलं असताना हाच आकडा शंभरच्या आसपास असतो. म्हणजे पळायला लागल्यावर दहाएक मिनिटांत अंगात चौपट-पाचपट उष्णता तयार होऊ लागते.

ही उष्णता बाहेर जायला वाट मिळाली नाही तर घाम येतो, आणि थंडीत खरा त्रास देतो तो हा घाम. स्थिर हवेच्या तुलनेत पाणी सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेतं. पळत आहात तोवर ओला कपडा जाणवत नाही. सिग्नलला थांबलात, बुटाची नाडी बांधायला वाकलात, शेवटचा किलोमीटर चालत आलात की उष्णता एकदम कमी होते आणि कपडा मात्र ओलाच राहतो. मग हुडहुडी भरते. ‘थंडीत पळालो आणि सर्दी झाली’ असं सांगणाऱ्यांना विचारून बघा, नंतर अर्धा तास ओल्या टी-शर्टमध्ये चहाच्या टपरीवर उभे होते का ते. (सर्दी विषाणूने होते हे खरं, पण त्या अर्ध्या तासाने कुणाचं भलं झालेलं नाही.)

म्हणून अंदाज असा धरायचा: हवामान सांगतं त्यापेक्षा 6 ते 10 अंश जास्त आहे असं समजून कपडे निवडा. बाहेर 10 अंश असेल तर 16 ते 20 अंशांत आरामात उभं राहता येईल इतकेच. हळू पळणाऱ्याने, चालत-पळत जाणाऱ्याने आणि अंगाने किरकोळ असणाऱ्याने 6 धरावेत. जोरात पळणाऱ्याने किंवा वजनदार माणसाने 10. दारातून बाहेर पडल्यावर पहिली पाच-सात मिनिटं अंगावर काटा येत असेल तर कपडे बरोबर आहेत. दारातच छान उबदार वाटत असेल तर एक थर उतरवून ठेवा.

तापमान कुठलं बघायचं

मोबाइलवरचा आकडा शहराचा असतो, तुमच्या रस्त्याचा नसतो. पुण्यात एकाच पहाटे पाषाण, एनडीए, शिवाजीनगर या भागांत आणि मगरपट्ट्यात काही अंशांचा फरक पडतो. रात्री थंड हवा जड होऊन सखल भागात उतरते, त्यामुळे नदीकाठ, तळ्याकाठ, शेतालगतचे रस्ते जास्त गार असतात. महाबळेश्वर इतक्या उंचीवर असूनही कित्येकदा तिथलं किमान तापमान पुण्या-नाशिकपेक्षा जास्त नोंदलं जातं, आणि त्याच महाबळेश्वरात वेण्णा तलावाच्या बाजूला दव गोठतं, ते याच कारणाने. निफाडचा पारा दर हिवाळ्यात बातमीत असतो. तिथला पळणारा आणि नाशिकच्या गंगापूर रोडचा पळणारा यांनी सारखेच कपडे घालायचं कारण नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. आपली थंडी कोरडी आहे आणि लवकर उतरते. जानेवारीत पुण्यात पहाटे 10-11 अंश असतात आणि दुपारी 30 च्या जवळ. साडेपाचला निघून आठला परतणारा माणूस एकाच दौडीत दोन ऋतू अनुभवतो. इथे जाड आणि उबदार कपड्यापेक्षा सहज काढता येणारा आणि काढल्यावर हातात ओझं न होणारा कपडा कामाचा. युरोप-अमेरिकेतल्या याद्या वाचून खरेदी करणारे नेमके इथे फसतात. त्या याद्या दिवसभर शून्याजवळ राहणाऱ्या हवेसाठी असतात.

तिसरा वारा. हवा 5 अंशांची आहे आणि तुम्ही ताशी 10 किलोमीटरने पळत आहात, तर उघड्या त्वचेला ती अडीच-तीन अंशांसारखी लागते. समोरून ताशी 20 किलोमीटरचा वारा असेल तर शून्यासारखी. त्यामुळे जाऊन-येऊन पळायचा रस्ता असेल तर जाताना वारा समोरून घ्या आणि येताना पाठीवर. अंग घामेजलेलं असताना समोरून वारा नको.

अंगाला लागणारा थर

सगळ्यात महत्त्वाचा कपडा हाच. तो घाम शोषून न ठेवता बाहेरच्या बाजूला पसरवणारा हवा. बाजारात याला सरसकट ‘ड्रायफिट’ म्हणतात. कापड बहुधा पॉलिस्टर असतं, थोडं लवचिक धाग्याचं मिश्रण असतं. पॉलिस्टरचा धागा नेहमीच्या हवेत स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा ओलावा धरत नाही. सुती धागा साडेआठ टक्क्यांच्या आसपास धरतो, आणि भिजला की त्याहून कितीतरी जास्त. सुती टी-शर्ट उन्हाळ्यात अंगाला बरा वाटतो तो याच गुणामुळे, आणि थंडीत नकोसा होतो तोही याच गुणामुळे.

आता खास आपल्याकडची गफलत. वर महागाचा ड्रायफिट आणि आत रोजचा सुती बनियान. बनियान घाम पिऊन बसतो, बाहेरच्या कापडापर्यंत काही पोचतच नाही. ड्रायफिटचे पैसे वाया. बनियान घरी ठेवा. आत काहीतरी हवंच असं वाटत असेल तर दोन ड्रायफिट एकावर एक घाला, आतला अंगाला बसणारा, बाहेरचा जरा सैल. मॅरेथॉनला नाव नोंदवणाऱ्या प्रत्येकाच्या कपाटात स्पर्धांचे टी-शर्ट ढिगाने असतात. 8-10 अंशांची पहाट त्यांतल्या दोन टी-शर्टवर निभावते. नवीन काही घ्यावं लागत नाही.

बायकांसाठी एक वेगळी गोष्ट. स्पोर्ट्स ब्रामध्ये जाड फोमचे पॅड आणि आत सुती अस्तर असेल तर घामाचं पाणी तिथेच साठतं, आणि थांबल्यावर सगळ्यात आधी छातीलाच गारवा झोंबतो. थंडीसाठी पातळ कापडाची, पॅड काढता येणारी ब्रा घ्या, आणि पळून झाल्यावर टी-शर्टबरोबर तीही बदला. टी-शर्ट बदलून आतली ओली ब्रा तशीच ठेवली तर बदलल्याचा फारसा उपयोग होत नाही.

पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घ्यायचा की अर्ध्या? पठारावरच्या थंडीला माझं मत स्पष्ट आहे: अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट आणि वेगळ्या आर्म स्लीव्ज. पहाटे वर चढवायच्या, उजाडल्यावर मनगटापर्यंत ढकलायच्या, मग काढून खिशात. दुचाकीस्वारांना उन्हासाठी म्हणून सिग्नलवर विकल्या जातात त्यासुद्धा चालतात, फक्त दंडावर खूप आवळणाऱ्या नकोत. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घेणार असाल तर गळ्याशी छोटी चेन असलेला घ्या. ती अर्धी उघडली की अंगातली वाफ बाहेर जाते.

मेरिनो लोकरीचं कौतुक तुम्ही ऐकलं असेल. ते खोटं नाही. लोकर भरपूर ओलावा धरूनही ओली लागत नाही आणि वास धरत नाही. पण ती महाग असते, नाजूक असते, आणि 10 अंशांच्या पुण्यात तिची गरज नसते. हिमालयात किंवा परदेशात राहायला जाणार असाल तर विचार करा. घरी विणलेला लोकरी स्वेटर हा वेगळा प्रकार. तो उभं राहण्यासाठी उत्तम, पळण्यासाठी जड.

मापाबद्दल थोडंसं. दुकानात नुसतं आरशात बघू नका. हात वर करून टी-शर्ट पोटावरून किती वर सरकतो ते बघा, जागच्या जागी अर्धा मिनिट पळून बघा, काखेतली शिवण बोटाने चाचपून बघा. जाड, उभी शिवण दहाव्या किलोमीटरला काचते. अंगात आणि कापडात हवेची पातळ फट राहावी, पण कापड फडफडू नये.

विंडचीटर, आणि कधी नको

आपण विंडचीटर म्हणतो त्यात दोन अगदी वेगळे कपडे येतात. एक गाडीवर घालायचा, आतून रबरासारखा थर असलेला, पावसाचाही उपयोगी. दुसरा पळण्यासाठीचा, कागदासारखा पातळ, मुठीत मावणारा, दीडशे ग्रॅमच्या आतबाहेर वजनाचा. पहिला घालून पळलात तर वीस मिनिटांत आतून पाणी गळायला लागेल. ओळखायची सोपी रीत: कापड ओठांना लावून फुंकर मारा. किंचित हवा पलीकडे जात असेल तर पळायला चालेल. अजिबात जात नसेल तर तो गाडीवरच बरा.

पातळ विंडचीटरसुद्धा रोज लागत नाही. पारा 8 च्या खाली आणि वारा सुटलेला, किंवा सिंहगडासारख्या चढावर जाऊन उतरायचं असेल, तेव्हा तो घ्या. चढताना कमरेला किंवा खिशात, माथ्यावर पोचल्यावर अंगात, कारण उतरताना मेहनत कमी आणि वारा जास्त. पूर्ण उघडणारी चेन असलेलाच घ्या. डोक्यातून घालायच्या जॅकेटला पळता पळता काढता येत नाही. बिनबाह्यांचं जाकीट मिळालं तर ते आणखी सोयीचं. छाती झाकली जाते, काखा मोकळ्या राहतात.

हुडी पळायला नको. सुती असते, भिजली की जड होते आणि टोपी पाठीवर आपटत राहते. थर्मल इनर मिळतात ते बहुतेक रात्री झोपायला किंवा गाडीवर घालायला केलेले असतात. ते पळायला घातले तर घामच फार येतो. आणि तो चंदेरी किंवा काळा, प्लास्टिकचा ‘घामाचा सूट’, जो घालून वजन उतरतं असं सांगतात, त्याबद्दल एकच वाक्य पुरे: उतरतं ते पाण्याचं वजन, दोन तांब्यांत परत येतं, आणि अंग तापून चक्कर येण्याचा धोका थंडीतही असतो.

पाय

पळताना सगळ्यात जास्त उष्णता मांड्या-पोटऱ्यांतच तयार होते, त्यामुळे पायांना आपण समजतो तितकं पांघरूण लागत नाही. 12 अंशांच्या वर नेहमीची शॉर्ट पुरते. 8 ते 12 मध्ये गुडघा झाकणारी तीन-चतुर्थांश टाइट्स किंवा पातळ पूर्ण टाइट्स. त्याखाली पूर्ण टाइट्स. आतून मऊ केसाळ अस्तर असलेल्या टाइट्स दुकानात फार लोभावतात. महाराष्ट्रात त्यांची गरज नाही.

पन्नाशीपुढच्यांनी गुडघे झाकले तर बरं वाटतं हा पुष्कळांचा अनुभव आहे. पण कापड हे पळण्याआधी सांधे मोकळे करण्याला पर्याय नाही. दहा मिनिटं झपाट्याने चाला, मग पळा.

टाइट्स घालायला संकोच वाटत असेल तर वरून सैल शॉर्ट घाला, यात काही बिघडत नाही. ट्रॅक पँटच घालणार असाल तर तीन गोष्टी तपासा: कापड सुती नको, पायाशी निमुळती हवी, आणि कमरेला आतून नाडी हवी. खिशात मोबाइल ठेवल्यावर नुसत्या इलॅस्टिकची पँट घसरते आणि माणूस एका हाताने पँट धरून पळताना दिसतो. टाइट्सच्या शिवणी मांडीच्या आतल्या बाजूने जात असतील तर पहिल्याच दिवशी लांब पळू नका. तीन-चार किलोमीटर पळून बघा.

हात, कान, गळा

थंडीत शरीर आधी मधल्या भागाला रक्त पुरवतं आणि बोटांचा, कानांचा पुरवठा आखडतं. म्हणून छातीला घाम आणि बोटं गारठलेली असं एकाच वेळी होतं. उपाय छातीवर थर वाढवण्याचा नाही, बोटं झाकण्याचा आहे. साधे विणलेले पातळ हातमोजे पुरतात. ऊब आली की काढून कमरपट्ट्यात खोचायचे. खूप थंडीत पाच बोटं वेगळी असलेल्या हातमोज्यांपेक्षा चारही बोटं एकत्र राहणारे जास्त गरम ठेवतात. बोटं वारंवार पांढरी पडून बधिर होत असतील तर नुसत्या हातमोज्यांवर भागवू नका, डॉक्टरांना दाखवा.

शरीराची अर्धी उष्णता डोक्यातून जाते, असं आपल्याला लहानपणापासून सांगितलं गेलंय. तसं नाही. डोकं हा शरीराच्या पृष्ठभागाचा साधारण दहावा हिस्सा, आणि उष्णताही त्याच प्रमाणात जाते. म्हणून माकडटोपी घालून पळायची गरज नाही. ती फार तापते आणि बाजूची गाडीही ऐकू येत नाही. कान मात्र झाकावेत. कानपट्टी किंवा बफ उत्तम.

बफ म्हणजे कापडाची नळी, आणि थंडीत पळणाऱ्याला एकच वस्तू घ्यायची असेल तर मी आर्म स्लीव्जनंतर हिचंच नाव घेईन. गळ्यात घाला, कानावर ओढा, कपाळाला बांधा, घाम पुसा. दमा असेल किंवा गार हवेने खोकला येत असेल तर पहिली दहा मिनिटं नाकातोंडावरून घ्या, म्हणजे आत जाणारी हवा थोडी कोमट आणि ओलसर होते. डॉक्टरांनी पंप दिला असेल तर तो खिशात हवाच. मफलर नको. त्याचं एखादं टोक सुटतं आणि मग सगळं लक्ष तिकडेच जातं.

मोजे आणि बूट

‘थंडी आहे, जाड मोजे घाला’ हा सल्ला अर्धवट आहे. नेहमीच्या मापाच्या बुटात जाड मोजे कोंबले तर बोटं आवळली जातात, रक्त कमी पोचतं आणि बोटं उलट जास्त गारठतात. बुटात बोटं हलवता आलीच पाहिजेत. पातळ, सुती नसलेले, घोट्याच्या वरपर्यंत येणारे मोजे घ्या. टाइट्सचं टोक आणि मोजा यांच्यामध्ये उघडी पट्टी राहू देऊ नका, तिथे वारा बरोबर लागतो. दवाने भिजलेल्या गवतावरून पळत असाल तर जाळीचे बूट पाचच मिनिटांत ओले होतात. अशा दिवशी आधी डांबरी रस्ता, शेवटी गवत.

स्कूटरवरचा गारठा

हा भाग बाहेरच्या देशांतल्या लेखांत सापडत नाही, कारण तिथले लोक दारातून पळायला लागतात किंवा गाडीत हीटर लावून येतात. आपण स्कूटरवरून मैदानावर जातो. 10 अंशांच्या हवेत ताशी 40 किलोमीटरने गाडी चालवली तर उघड्या त्वचेला ती 6 अंशांसारखी लागते. हवा 5 अंशांची असेल तर शून्याच्याही किंचित खाली. म्हणजे सकाळचा सगळ्यात थंड भाग पळण्याचा नसतो, येण्याजाण्याचा असतो. त्या थंडीसाठी घातलेल्या कपड्यांवर पळू नका आणि पळण्याच्या कपड्यांवर गाडी चालवू नका.

जाताना पळण्याच्या कपड्यांवर गाडीचं जाड जॅकेट, हातमोजे आणि वरून एखादी सैल पँट. मैदानावर पोचल्यावर ते सगळं डिकीत. डिकीत आधीच एक पिशवी ठेवलेली असावी: कोरडा टी-शर्ट, छोटा टॉवेल, कोरडे मोजे, आणि ओले कपडे भरायला प्लास्टिकची पिशवी. पळून झाल्यावर क्रम महत्त्वाचा. आधी ओला टी-शर्ट काढा, अंग पुसा, कोरडा चढवा, जॅकेट घाला, मग स्ट्रेचिंग, मग चहा, मग गप्पा. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा असतो. मैदानावर कपडे बदलायला आडोसा नसतो, ही बायकांची अडचण खरी आहे. मोठा, सैल, पोंचोसारखा टॉवेल-झगा शिवून घेतला तर त्याच्या आत सगळं बदलता येतं. पोहणारी मंडळी वापरतात तसा.

अंशांप्रमाणे काय घालायचं

15 अंशांच्या वर काहीही बदलू नका. मुंबई, ठाणे, कोकण आणि गोव्याची थंडी बहुधा याच गटात येते. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनला पूर्ण बाह्यांचं जाड काही घालून उतरणाऱ्याला उन्हं वर आल्यावर थंडीचा नव्हे, उकाड्याचा त्रास होतो.

10 ते 15 मध्ये अर्ध्या बाह्यांचा ड्रायफिट, शॉर्ट किंवा तीन-चतुर्थांश टाइट्स, आर्म स्लीव्ज. थंडी जास्त वाजणाऱ्यांनी बफ जोडावा.

5 ते 10 म्हणजे निफाड, नाशिकची थंडीची लाट, नागपूर-गोंदियाच्या काही पहाटा, पुण्यातले मोजके दिवस. दोन पातळ थर किंवा पूर्ण बाह्यांचा एक, पूर्ण टाइट्स, हातमोजे, कानावर बफ. वारा असेल तर पातळ विंडचीटर.

0 ते 5 मध्ये अंगालगत घट्ट पूर्ण बाह्यांचा थर, त्यावर दुसरा थोडा जाड, विंडचीटर, पूर्ण टाइट्स, डोक्याला पातळ टोपी. दिल्लीत, उत्तरेत राहणाऱ्यांना हे थंडीच्या लाटेत लागू शकतं.

शून्याखालची गोष्ट निराळी. न्यू जर्सी, शिकागो, टोरांटोला गेलेल्या मंडळींना पहिल्या हिवाळ्यात थंडीपेक्षा बर्फावरून घसरण्याचाच धोका जास्त, तेव्हा आधी बुटाच्या तळव्याला लावायच्या काटेरी पट्ट्या घ्या, जाकिटं नंतर. वाऱ्यासकट जाणवणारं तापमान उणे 28 च्या आसपास गेलं की उघडी त्वचा अर्ध्या तासाच्या आत गोठू शकते. त्या दिवशी ट्रेडमिल.

स्पर्धेच्या पहाटेची एक जुनी युक्ती आहे. सुरुवातीच्या रेषेमागे अर्धा-पाऊण तास ताटकळावं लागतं, तेव्हा टाकून द्यायला हरकत नाही असा जुना शर्ट वरून घाला आणि बंदूक वाजायच्या आधी काढून ठेवा. कचऱ्याच्या मोठ्या पिशवीला डोकं-हात घालायला भोकं पाडूनही काम होतं. दिसायला विचित्र, पण वारा अडतो. शर्ट रस्त्यात टाकू नका, कडेला ठेवा. मागून येणाऱ्याच्या पायात येतो.

ओली थंडी आणि डोंगर

वरचं सगळं कोरड्या थंडीचं झालं. थंडी, पाऊस आणि वारा एकत्र आले की 5 अंशही जीवघेणे होतात. 16 एप्रिल 2018 ची बोस्टन मॅरेथॉन अशाच हवेत झाली. पारा शून्याच्या काही अंश वर, मुसळधार पाऊस, समोरून वारा. जगातले कितीतरी अव्वल धावपटू अर्ध्यात बाहेर पडले. पुरुषांत जपानचा युकी कावाउची जिंकला आणि स्त्रियांत अमेरिकेची डेझिरी लिंडन, अंगात जॅकेट ठेवून पळालेली.

त्याहून गंभीर घटना 22 मे 2021 ची. चीनच्या गान्सू प्रांतात 100 किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक गारठवणारा पाऊस आणि सोसाट्याचा वारा सुटला. 172 स्पर्धकांपैकी 21 जण शरीराचं तापमान उतरून दगावले. हवा चांगली असेल या अंदाजाने बहुतेक जण शॉर्ट आणि टी-शर्टवर होते. वारा अडवणारं जॅकेट जवळ ठेवण्याची सक्ती नव्हती.

म्हणून सह्याद्रीत डोंगरवाटेवर, वस्तीपासून लांब पळणार असाल तर ‘उकडेल’ हा मुद्दा बाजूला ठेवा. पाण्याच्या बॅगेत पातळ जलरोधक जॅकेट, एक कोरडा पूर्ण बाह्यांचा थर प्लास्टिकमध्ये गुंडाळून, आणि चंदेरी आपत्कालीन चादर ठेवा. तिन्हीचं वजन मिळून अर्ध्या किलोच्या आसपास होतं. पाय मुरगळून तासभर एका जागी बसावं लागलं तर अंगात उष्णता तयारच होत नाही, आणि पळण्यासाठी मोजून घातलेले कपडे तेव्हा कमी पडतात. सप्टेंबरात लडाख मॅरेथॉनला जाणाऱ्यांनीही हेच धरावं. लेह सुमारे 3,500 मीटरवर आहे. उन्हात चटका आणि सावलीत गारठा असा प्रकार. खर्दुंग ला चॅलेंज या तिथल्याच शर्यतीत 72 किलोमीटर, तेही सुमारे 5,350 मीटर उंचीच्या खिंडीवरून. तिथे पुण्याचा अंदाज चालत नाही, खिंडीत पारा शून्याखाली जाऊ शकतो.

शरीराचं तापमान उतरू लागल्याच्या, लाज सोडून लक्षात ठेवायच्या खुणा: बोलताना जीभ जड होणं, बोटांनी चेन लावता न येणं, विनाकारण चिडचिड, आणि कुडकुडणं आपोआप थांबणं. शेवटची सगळ्यात वाईट. सोबत्यात यांतलं काही दिसलं की पळणं बंद, ओले कपडे उतरवा, कोरडं घाला, आडोशाला न्या, आणि मदत बोलवा.

अंधार

जानेवारीत पुण्या-मुंबईत सूर्य सातच्या पुढे उगवतो, म्हणजे साडेपाचला निघणारा तासाहून अधिक काळ अंधारात आणि धुक्यात पळतो. थंडीचे कपडे दुकानात नेमके काळे आणि गडद निळे मिळतात. सगळ्यात वरचा थर फिकट किंवा भडक रंगाचा घ्या, चमकणारी पट्टी पायाच्या घोट्यावर बांधा. हलणारी पट्टी गाडीवाल्याला लवकर दिसते. आणि पळा समोरून येणाऱ्या वाहतुकीकडे तोंड करून.

कातडी आणि धुणं

कोरड्या हवेत कातडी आधीच तडकलेली असते, त्यात घामाचं मीठ आणि कापडाची घासण. काखा, मांड्यांची आतली बाजू, ब्राच्या पट्टीखाली, पुरुषांनी स्तनाग्रांवर, निघण्यापूर्वी व्हॅसलिन लावा. लांब पळायचं असेल तर स्तनाग्रांवर मायक्रोपोरची चिकटपट्टी. खोबरेल तेल पहिल्या तासाभराला पुरतं, पण थंडीत गोठलेलं असतं, हातावर वितळवून घ्यावं लागतं. ओठांना आणि नाकाच्या शेंड्यालाही थोडं लावा.

ड्रायफिट कपडे पळून आल्याबरोबर निदान साध्या पाण्यातून काढा. बोळा करून बादलीत दुपारपर्यंत ठेवले तर वास धागाच धरतो आणि मग जात नाही. उलटे करून गार पाण्यात, नेहमीच्या पावडरीच्या निम्म्या पावडरीत धुवा. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव मुळीच घालू नका. त्याचा थर धाग्यावर बसतो आणि कापड घाम पसरवेनासं होतं. तसं झालंच असेल तर एकदा अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घातलेल्या पाण्यात अर्धा तास भिजवून धुतलं की पुष्कळसं सुधारतं. कडक ऊन आणि इस्त्री दोन्ही टाळा, इलॅस्टिक मरतं. पॉलिस्टर पंख्याखालीही चार-पाच तासांत वाळतं, तेव्हा रोज पळणाऱ्याला असे दोन जोड पुष्कळ झाले.